सेल मारून बघा!

भिवंडीत राहणाऱ्या माणसानं बोटीच्या इंजिनाविषयी लिहावं, हे काही जणांना पटणार नाही. भिवंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं माग येतात, गोदामं येतात, गोदामांकडं निघालेले ट्रक येतात आणि त्या ट्रकांच्या मागं अडकलेले पाहुणे येतात. (हे पाहुणे बहुधा आमच्याकडंच निघालेले असतात. त्यामुळं आमच्या घरी दुपारचं जेवण चार वाजता होतं आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त रस्त्यावर चर्चा होते.) बोट कुणाच्याच डोळ्यांपुढं येत नाही. पण नकाशा उघडून पाहा. गावाला खेटून कामवारी नदी वाहते, ती खाडीला मिळते आणि खाडी घोडबंदराला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या मोरीतलं पाणीसुद्धा अखेर अरबी समुद्रातच जातं. तेव्हा आम्ही कायद्यानं दर्यावर्दी आहोत.

शिवाय आमच्या पाठीशी इतिहास आहे. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीच्या आसऱ्यानं झाली. जहाजं बांधायला रुई लैतांव व्हिएगस नावाचा एक पोर्तुगीज जाणकार आणि त्याची माणसं कामाला होती. पुढं वसईच्या पोर्तुगीजांना भीती वाटली की ही जहाजं उद्या आपल्यावरच यायची. त्यांनी सूत्रं हलवली आणि ही मंडळी काम टाकून गुपचूप निघून गेली. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून मिस्त्री गायब होण्याचा आमच्या भागातला एवढा जुना दाखला दुसरा मला माहीत नाही. त्यावाचून आरमार काही अडलं नाही, ही गोष्ट वेगळी. तिथं महाराज होते. आमच्या बोटीत आम्ही होतो.

आमची बोट म्हणजे दादांची बोट. दादा शाळेत माझ्या बाकावर बसत. पुढं मी कारकुनीत शिरलो आणि दादा खाडीकाठच्या आपल्या गावी भातशेतीत. मग शेतं गेली आणि त्या जागी गोदामं उभी राहिली. भात कापायचा तो भाडं कापायला लागला. दादांचे चिरंजीव चांगले शिकलेले. गोदामांचा सगळा व्यवहार तेच बघतात. दादांकडं आता दोनच गोष्टी उरल्या आहेत : देवपूजा आणि बोट. बोट वडिलांच्या वेळची. सांगाडा तोच, फळ्या बऱ्याचशा बदललेल्या, इंजिन अलीकडचं. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याला बटणावर चालणारा सेल्फ-स्टार्टर.

आता या ‘सेल्फ-स्टार्टर’ची हकीकत ऐका. यातला ‘स्टार्टर’ मराठी माणसानं फार पूर्वीच काढून टाकला. नंतर ‘सेल्फ’मधला ‘फ’ गळाला. उरला तो ‘सेल’. तो आपण मारतो. गप्पा मारतो, दांडी मारतो, तसाच सेल मारतो. कुणाचीही गाडी बंद पडलेली दिसली की आपल्याकडं रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो आणि पहिलं वाक्य बोलतो, “सेल मारून बघा!” जणू गाडीवाला इतका वेळ तिथं बसून कविता करत होता.

या यंत्राचा जनक चार्ल्स केटरिंग नावाचा अमेरिकन. त्याच्या आधी मोटारी पुढून हँडल फिरवून चालू कराव्या लागत. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडे. केटरिंग पूर्वी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याला वीज लावताना त्याच्या ध्यानात आलं की गल्ल्याच्या मोटरला दिवसभर राबायचं नसतं. क्षणभरच, पण जोरात काम करायचं असतं. क्षणभरासाठी लहान मोटरकडून मोठं काम करून घेता येतं. हीच युक्ती त्यानं मोटारीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा स्टार्टर आला. क्षणभर जोर करायचा आणि उरलेला दिवस विश्रांती घ्यायची, हे तत्त्व आमच्या कचेरीत फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्याचं पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

तर २०२३ सालची नारळी पौर्णिमा. पावसाळाभर बोट काठावर झाकून ठेवलेली. ती पाण्यात उतरवली, पूजा झाली, नारळ वाहिला, दादांनी हात जोडून बटण दाबलं आणि इंजिनातून आवाज आला, “खट्.”

बस्स. पुढं काही नाही.

अख्ख्या भिवंडीत ‘खट्’ या आवाजाला मान आहे. रात्रंदिवस मागांची खटखट चालू असते, तोवर आमचं गाव जिवंत असतं. ती थांबली की वीज गेली, नाहीतर बाजारात कापड पडलंय असं समजायचं. पण बोटीतला खट् म्हणजे कामाला सुरुवात नव्हे, तर कामाचा शेवट. दादांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खट्. अकराव्यांदा दाबलं तेव्हा इंजिन एकदम धडधडायला लागलं. सगळ्यांनी पुन्हा नमस्कार केला. पण खोड लागली ती लागलीच. कधी पहिल्याच झटक्याला चालू, कधी दहा वेळा खट्, आणि कधी तासभर नुसतं मौन.

यंत्र कायमचं बिघडलं तर माणूस दुरुस्त करतो किंवा टाकून देतो. पण अधूनमधून बिघडणारं यंत्र माणसाला वेदांताकडं नेतं. त्यातून आमचा सेल्फ मिस्त्री आला की हमखास लागायचा. पोराला डॉक्टरांच्या दारात नेलं की ताप उतरतो, त्यातलाच प्रकार. मिस्त्री वायरी हलवायचा, इकडं ओढ, तिकडं ढकल करायचा, बटण दाबायचा आणि इंजिन चालू! मग आमच्याकडं अशा नजरेनं बघायचा की आपणच काहीतरी मागून घेतल्यासारखं वाटावं.

वीस दिवसांत तज्ज्ञांची रीघ लागली. मीही वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं. त्यावरून कळलं की सेल्फच्या आवाजाचंही शास्त्र असतं. ‘खट्-खट्-खट्-खट्’ असा द्रुत लयीतला तोडा आला की बॅटरी उतरलेली असते. नुसतीच ‘घर्रर्र’ अशी पोकळ तान आली की स्टार्टर फिरतोय, पण त्याचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकत नाहीये. काहीच आवाज नसला तर बटणापासूनच शोधायला लागावं. आणि एकच भरदार ‘खट्’ आला, तर सोलेनॉइड आपलं काम करतोय, पण मोटरला पुरेशी वीज मिळत नाहीये. सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरच्या पाठीवर बसलेलं छोटं नळकांडं. बटण दाबलं की ते दातेरी चाक पुढं ढकलतं आणि विजेचा मोठा रस्ता उघडतं. थोडक्यात, दरवान. खट् आवाज आला म्हणजे दरवानानं दार उघडलं; पण आतून कुणी बाहेर आलंच नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर मी ते सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पुस्तक वाचून बोलणाऱ्याचं ऐकायचं नाही, हा आपल्याकडं सर्व धंद्यांतला नियम आहे.

पहिला संप्रदाय बॅटरीवाल्यांचा. “बॅटरीच गेलीय, दुसरं काय?” नवी कोरी बॅटरी आली. जुनी काढताना वायरी हलल्या, नवी बसवताना पुन्हा हलल्या आणि सेल्फ फर्स्टक्लास लागला. बॅटरीवाला छाती काढून गेला. पाचव्या दिवशी खट्.

दुसरा संप्रदाय सेल्फवाल्यांचा. “सेल्फच खोलावा लागेल.” सेल्फ काढून गावात नेला. कार्बन बदलले, बुश बदलले, आर्मेचर घासून चकचकीत केलं. दुकानातल्या टेबलावर तो सेल्फ असा फिरला की टेबलही फिरायला लागलं. परत आणून बसवला. वायरी हलल्याच. सहा दिवस उत्तम. सातव्या दिवशी खट्.

तिसरा संप्रदाय ठोक्यांचा. यांचा अग्रणी एक टेंपोवाला. त्यानं एकच उपाय सांगितला : पान्यानं सेल्फवर दोन ठोके हाणायचे. (हा उपाय अगदीच अडाणी नाही. कार्बन झिजून अडकले असले तर ठोक्यानं जागेवर येतात.) ठोक्यांनीही चार दिवस काम दिलं. चौथा संप्रदाय लिंबू-मिरचीचा. ती बांधली तेव्हा बांधणाऱ्याचा पाय खालच्या वायरीवर पडला आणि बोट चालू झाली. त्यामुळं या संप्रदायाचे अनुयायी गावात सर्वांत जास्त आहेत.

इकडं चिरंजीवांनी हिशेब मांडला. बॅटरी, सेल्फ, मजुरी, येणं-जाणं. ते आवाज न चढवता बोलतात, त्यामुळं त्यांचं खोडून काढता येत नाही. म्हणाले, “बाबा, ही बोट वर्षातून किती वेळा पाण्यात जाते? गणपतीत चार वेळा आणि एरवी तुमची हौस. कशेळीला पूल होऊन जमाना झाला, बोटीनं कुणी कुठं जात नाही. गिऱ्हाईक आलंय. गणपतीत ही चालली तर ठेवू, नाही चालली तर देऊन टाकू. ठीक आहे?”

दादा म्हणाले, “ठीक हाय.”

बापलेकांचं संभाषण साधारण एवढंच असे. भाडं आलं का? आलं. औषध घेतलं का? घेतलं. भांडण कधीच नाही. शेजारीपाजारी म्हणत, काय समजूतदार घर आहे!

दादांकडचा गणपती दीड दिवसाचा. म्हणजे विसर्जन पंचमीला. आता खाडीवरच्या माणसाला भरतीची वेळ विचारायला पंचांग लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजानं निघते. पंचमीची पाऊणपट पावणेचार. ही किनाऱ्यावरची वेळ. खाडीत आत पाणी यायला आणखी तासभर घ्या. म्हणजे पाचच्या सुमाराला खाडी तुडुंब. तेव्हा निघायचं, मधल्या धारेत मूर्ती विसर्जन करायची आणि पाणी ओसरायच्या आत परत यायचं. कारण ओहोटी लागली की धक्क्यापुढं कमरेइतका चिखल, आणि बोट धक्क्याला लावायची तर पुढच्या भरतीची, म्हणजे पहाटेची वाट बघायची.

भाऊबंदांचे मिळून सात गणपती, त्यांच्यामागं माणसं, पोरं, टाळ, ढोलकी, प्रसादाचे डबे आणि मी असे सगळे बोटीत चढलो. पाहुण्यांत एक जॉबरअण्णा होते. मागांवरच्या मिस्त्रीला आमच्याकडं जॉबर म्हणतात. अण्णांचे वडील तेलंगणातून माग चालवायला भिवंडीत आले. अण्णांचा जन्म मागांच्या खटखटीतच गेला. चाळीस वर्षं माग दुरुस्त केले, कान थोडे गेले, डोळे मात्र शाबूत. दादांच्या जागेत त्यांनी कधीकाळी चार माग बसवून दिले होते, तेव्हापासूनचा घरोबा.

जाताना इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. लिंबू-मिरचीवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. धारेत गेल्यावर दादांनी इंजिन बंद केलं, कारण इंजिनाच्या धडधडीत आरती ऐकू येत नाही. मी म्हणालो, “दादा, चालूच राहू द्या.” दादा म्हणाले, “देवाला निरोप देताना धूर कला सोरायचा?” यावर काय बोलणार? नांगर टाकला, आरत्या झाल्या, सातही मूर्ती एकेक करून पाण्यात गेल्या. “पुढच्या वर्षी लवकर या!” झालं. मग दादांनी बटण दाबलं.

खट्.

सगळे गप्प. नुकतंच देवाला ‘लवकर या’ म्हणून सांगितलं होतं, आणि आता आपणच घरी कधी जाणार ते कळेना.

पुन्हा खट्. पुन्हा खट्. पान्याचे ठोके झाले. लिंबू-मिरची हलवून झाली. दादांनी हल्ली बोटीत दुसरी बॅटरी आणि जंपर केबल ठेवली होती. तीही जोडून झाली. लाल लालला, काळी काळीला. दोन बॅटऱ्यांच्या जोरावर इंजिन म्हणालं, खट्. हँडल मारायची सोय इंजिनाला होती, पण हँडल चिरंजीवांनी जुन्या लोखंडाबरोबर भंगारात घातलं होतं. पाणी हळूहळू घोडबंदराच्या दिशेनं सरकायला लागलं. एका काकूंनी प्रसादाचा डबा झाकून ठेवला. पहाटेपर्यंत पुरवायचा म्हणजे विचार करायला हवा.

चिरंजीवांनी मोबाईल काढला. “पलीकडच्या मोठ्या बोटीवाल्याला बोलावतो. दोरी लावून नेईल.” त्यांनी ते सरळ मनानंच सांगितलं. पण गावच्या धक्क्यावर, सगळ्या गावासमोर, बापाच्या बोटीला दोरी लावून आणणं म्हणजे काय, हे दादांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते काहीच बोलले नाहीत. फक्त बटणावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात मागून अण्णांनी विचारलं, “हा बल्ब कुठून घेतला?”

बोटीच्या टपाखाली एक छोटा बल्ब लागलेला होता. इंजिन चालू होत नसताना म्हातारा बल्बाची चौकशी करतोय म्हटल्यावर दोघे-तिघे हसले. दादा म्हणाले, “थेट बॅटरीवरशी.”

“पुन्हा सेल मारा.”

खट्.

“बघा,” अण्णा म्हणाले, “बल्ब डोळा मिटत नाही. सेल्फ वीज खाल्ली असती तर हा मंद झाला असता. हा तसाच. म्हणजे बॅटरी भरलेली आहे, पण सेल्फला जेवण पोचत नाही.”

माझ्या पुस्तकात नेमकं हेच होतं. मी तसं सांगितलं. या वेळीही कुणी ऐकलं नाही.

अण्णा खाली वाकले. मागावर धागा अडला की ते धाग्यावरून बोट फिरवत मागं मागं जातात, तसं लाल वायरीवरून बोट फिरवत बॅटरीपासून सेल्फपर्यंत गेले. “जायची वाट ठीक आहे. आता यायची वाट कुठं आहे?”

“यायची?”

“वीज म्हणजे धोटा, दादा. इकडून गेला की तिकडून परत यायला पाहिजे. नुसता गेला तर कापड होत नाही. सेल्फमधून निघून वीज बॅटरीत परत कुठून येते?”

ती येते इंजिनाच्या अंगातून आणि काळ्या वायरीतून. ही काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून निघून तळाच्या अंधारात, पाणी साचतं तिथं, एका बोल्टखाली दडली होती. नवी बॅटरी घेताना तिच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. सेल्फ खोलला तेव्हाही नाही. तिला किंमत नाही, बटण नाही, आवाज नाही.

अण्णांनी जंपरची काळी केबल घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा हातात धरून इंजिनाच्या अंगावरचा एक उघडा, स्वच्छ बोल्ट शोधायला लागले. तिथं हात पोचेना. चिरंजीव नव्या कपड्यांनिशी तळाच्या पाण्यात गुडघ्यांवर बसले, हात लांबवून चिमटा बोल्टला लावला आणि गच्च दाबून धरला. मग वर मान करून त्या दिवसातलं सर्वांत मोठ्या आवाजातलं वाक्य बोलले, “बाबा, मारा सेल!”

घर्रर्र... आणि धडधडधडधड!

मोरयाचा असा गजर विसर्जनाच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

धक्क्याला लागलो तेव्हा पाणी अगदी बेताचं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मीटर आणला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या अंगाला, आणि सेल मारायला सांगितला. वायर चांगली असेल तर इथं काटा जेमतेम हलायला हवा. अर्धा व्होल्ट म्हणजे डोक्यावरून पाणी. आमचा काटा साडेचारांवर गेला. बाराच्या बॅटरीतले साडेचार व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते. बोल्ट काढला तर तांब्याच्या वायरीचं टोक मोरपिसासारखं हिरवं. खाडीचं खारं पाणी, वायरीचं तांबं आणि बोल्टचं लोखंड एकत्र आले की एकमेकांना खातात. भाऊबंदकीसारखंच आहे हे : तिघे वेगवेगळे होते तोवर चांगले होते.

मग वीस दिवसांतले सगळे उपाय चार-चार दिवस लागू कसे पडले? कारण प्रत्येक उपायात कुणाचा ना कुणाचा हात, पाय किंवा पाना त्या वायरीला लागत होता. टोक जरा हलायचं, गंज जरा खरवडला जायचा, वीज जायची. श्रेय मात्र बॅटरीला, कार्बनला किंवा मिरचीला. जगात किती वैद्यांची, पुढाऱ्यांची आणि बाबामहाराजांची कीर्ती अशी कुणाचा तरी पाय चुकून वायरीला लागल्यामुळं झाली असेल, कोण सांगणार?

दुरुस्तीला खर्च किती आला, हे ऐकून बॅटरीवाला अजून आमच्याकडं बघत नाही. वायरीचं नवं टोक, नवा बोल्ट, घासायला काचपेपर आणि वरून थापायला थोडं ग्रीस. शिवाय ती जागा पाण्यातून उचलून वर घेतली. झालं. अण्णांना पैसे देऊ केले तर म्हणाले, “मोदक द्या. काल घाबरून कुणी डबाच उघडला नाही.”

पण मला विचार करायला लावलं ते त्या बल्बनं. अण्णांना मी विचारलं, वायर जर एवढी सडली होती तर बोटीचे बाकीचे दिवे, भोंगा हे कसे चालत होते? त्यांतले काही त्याच इंजिनाच्या अंगातून परत येत होते. अण्णा म्हणाले, “त्यांना लागतं किती?” मी घरी येऊन कागदावर आकडेमोड केली. बाराच्या बॅटरीवर बारा वॅटचा बल्ब एक अँपिअर वीज घेतो. स्टार्टर सुरुवातीच्या झटक्याला दोनशेच्या घरात जातो. गंजानं वाटेत ओहमचा पन्नासावा भाग जरी अडथळा आणला, तरी बल्बाचं कुठं बिघडतं? त्याचा व्होल्टचा पन्नासावा भाग जातो; डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण तोच अडथळा दोनशे अँपिअरला भिडला की चार व्होल्ट गिळून बसतो, आणि उरलेल्यात इंजिन काही हलत नाही.

म्हणजे गंजलेल्या सांध्यातून एक अँपिअर अगदी मजेत जातो-येतो. ‘काय, कसं काय?’ ‘बरंय.’ ‘भाडं आलं का?’ ‘आलं.’ ‘औषध घेतलं का?’ ‘घेतलं.’ हे सगळे एक अँपिअरचे व्यवहार. वर्षानुवर्षं दिवा लागलेला असतो, शेजारी म्हणतात काय उजेड आहे या घरात! आणि मग एखादा दिवस असा येतो की त्या वायरीतून दोनशे न्यावे लागतात. आजारपण येतं, वाटणी येते, किंवा नुसतीच एक जुनी बोट विकायची गोष्ट येते. तेव्हा आवाज येतो, खट्. आणि मग आपण बॅटरी बदलायला धावतो.

हा सिद्धांत मी आमच्या सौभाग्यवतींना ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग इतकी वर्षं मी काही विचारलं की तुम्ही पेपरातून वर न बघता ‘हं’ म्हणता, ते किती अँपिअर?” मी विषय बदलून पुन्हा दादांच्या बोटीवर आणला.

बोट विकली गेली नाही. त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही. गिऱ्हाईक एकदा येऊन चहा पिऊन गेलं, एवढंच. हँडल मात्र नवं आलंय. चिरंजीव स्वतः जुन्या बाजारात तीन तास हिंडून, मापाचं शोधून, घेऊन आले. त्यांच्या पांढऱ्या मोटारीच्या डिकीत आता काचपेपर आणि ग्रीसचा डबा असतो. महिन्यातून एकदा ते बोटीत उतरतात आणि तो बोल्ट काढून घासतात. एरवी गडी ठेवून करता येण्याजोगं काम, पण नाही. ते खाली घासत असतात, दादा वर बसून आपल्या वडिलांच्या वेळी या बोटीनं काय काय वाहून नेलं ते सांगत असतात. काम वास्तविक पाच मिनिटांचं. परवा मी होतो तेव्हा पाऊण तास लागला.

शेवटी खालून आवाज येतो, “बाबा, सेल मारून बघा!”